६७ वर्षांची एमजीए, कोल्हापूर ते कुन्नूर : आधी रंग की आधी ब्रेक?

पंचगंगातीर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे फक्त वाचत आलोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर सल्ला मागणं बरं नाही.

आमच्या काकांची १९५८ ची एमजीए १५०० आहे. दोन सीटची, उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. १९७१ मध्ये काकांनी ती निलगिरीतल्या कुन्नूरच्या एका चहामळ्याच्या मॅनेजरकडून घेतली आणि एका मित्रासोबत तीन दिवसांत कोल्हापूरला चालवत आणली. १९९४ पर्यंत चालली. मग कोल्हापूरच्या आमच्या मळ्यातल्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. काका आता ८४ चे आहेत. गेल्या पाडव्याला म्हणाले, "बाळ, एकदा तिला परत कुन्नूर दाखवून आणू या." तेव्हापासून कामाला लागलोय.

सध्याची स्थिती : चासी ठीक आहे, दोन ठिकाणी पत्रा जोडला. दरवाजे, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं असल्यामुळे टिकलं, पण ॲल्युमिनियम जिथे लोखंडाला चिकटतं तिथे पांढरी भुकटी झालीय. पायाखालच्या फळ्या कुजल्या होत्या, त्या गल्लीतल्या सुतारानं मरीन प्लायमध्ये सुरेख करून दिल्या. इंजिन कोल्हापूरच्या उद्यमनगरात उघडलं, बोअर करून चाळीस थाऊ मोठे पिस्टन टाकले. हेड अजून बाहेरच आहे.

जानेवारीत निघायचं आहे. पेंटर म्हणतो चार महिने लागतील. हातात पैसे आणि वेळ एकाच गोष्टीपुरते आहेत : एक तर रंग, क्रोम आणि सीटचं काम, नाहीतर ब्रेक, वायरिंग, रेडिएटर आणि टायर. काकांना गाडी मूळच्या लाल रंगात हवी आहे. डॅशबोर्डच्या मागे तो ओरिएंट रेड अजून जसाच्या तसा आहे. मला ब्रेकची काळजी वाटते. तुम्ही काय कराल?

ओडोमीटर

ब्रेक. पुढचा प्रश्न विचारा.

स्वाती_नाशिक

किती गोड कारण आहे प्रवासाचं! फोटो टाका ना. काकांचा पण.

लेथवाले_अण्णा

हेड बाहेर आहे हे वाचून थांबलो. ते बसवायच्या आधी एक काम करा, नंतर परत उघडावं लागेल. तुमची गाडी १९९४ ला थांबली, म्हणजे तिनं जन्मभर शिसं असलेलं पेट्रोल प्यायलं. आपल्याकडे ते २००० साली बंद झालं. बीडाच्या जुन्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) शिशाच्या थरावर तगून असायची. आता बिनशिशाच्या पेट्रोलवर हजार किलोमीटर हायवेला पळवली की सीट आत आत खाल्ली जाते, टॅपेटची फट बुजते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. उद्यमनगरातच कडक सीट बसवून घ्या. हेड बाहेर असताना ते एका दिवसाचं काम आहे.

गारगोटीकर

अण्णा +१. आणि धागाकर्ते, तुमच्या काळजीचा अर्धा भार हलका करतो. एमजीए १५०० चं इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज, १४८९ सीसी. आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं तेच १४८९ सीसीचं इंजिन होतं. कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, कॅम वेगळे, पण पोटातली बरीच मंडळी भाऊबंद. माझ्या मित्राच्या एमजीएला बेअरिंगचे शेल आणि ऑइल पंप जुन्या टॅक्सीच्या स्पेअरमधूनच मिळाले. दुकानात मात्र नुसतं "ॲम्बॅसेडरचं द्या" म्हणू नका. नंतरच्या गाड्यांत १.८ लिटरचं इसुझू आलं, ते अगदी निराळं. "बीएमसी पेट्रोल, १४८९" असं सांगा आणि मायक्रोमीटर खिशात ठेवा. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला, पण कुर्ल्याला आणि कोलकात्याच्या मल्लिक बाजारात जुना माल अजून निघतो.

पंचगंगातीर

अण्णा, उद्याच हेड घेऊन जातो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. गारगोटीकर, ऑइल पंपाचा प्रश्न होताच, आभार.

स्वातीताई, फोटो टाकतो. काका फोटोसाठी टोपी शोधतायत.

रंगसंगती

मी इथे वेगळं मत मांडणार आहे, सगळ्यांनी ऐकून घ्या. माझा गाड्या रंगवायचा व्यवसाय आहे, २६ वर्षं झाली. "आधी यांत्रिक, रंग मग" हे सगळे म्हणतात. पण लोक नेमकं काय करतात? करड्या प्राइमरवरच गाडी फिरवतात. साधा प्राइमर पाणी अडवत नाही, शोषून घेतो. वरून कोरडा दिसतो आणि आत पत्रा गंजत असतो. जानेवारीत निलगिरीत पहाटे दव पडतं, उटीला तर ते गोठतं. आठ दिवस उघड्यावर ठेवलेली प्राइमरची गाडी परत आणून तुम्ही रंगवाल आणि दोन वर्षांत रंगाखालून फोड येतील. मग माझ्यासारख्याला शिव्या.

दुसरं, वायरिंग आणि ब्रेकच्या नळ्या बसवून झाल्यावर रंगवायचं तर सगळं झाकत बसा नाहीतर परत काढा. चासी आणि आतली बाजू तरी आधी रंगवलीच पाहिजे.

ओडोमीटर

रंगसंगती, तुमचं म्हणणं पटतंय, पण ब्रेक नसलेली चकचकीत गाडी घेऊन ते घाट उतरणार आहेत का?

रंगसंगती

मी ब्रेक करू नका म्हटलेलं नाही. प्राइमरवर नेऊ नका म्हटलंय. नीट वाचा.

जिल्हा_सातारा

चहा घ्या दोघं.

थेम्सकाठी

मी ऑक्सफर्डजवळ राहतो. ॲबिंग्डन, जिथे ही गाडी जन्मली, ते माझ्याकडून सायकलवर जाण्याइतकं जवळ आहे. कारखाना १९८० मध्ये बंद झाला. १९५५ ते १९६२ या सात वर्षांत एमजीए एक लाखाच्या वर बनल्या आणि त्यांतल्या बहुतेक परदेशी गेल्या. तुमची त्यांतलीच एक, कुन्नूरला पोचलेली. वाचून अंगावर काटा आला.

मुद्द्याचं लिहितो, ब्रेकबद्दल. १५०० ला चारही चाकांना ड्रम आहेत आणि ब्रेकची लाइन एकच. आजच्या गाडीसारखे दोन वेगळे भाग नाहीत. एका चाकाचा वायसर फुटला की पेडल थेट फळीला टेकतं आणि उरतो तो हँडब्रेक. शिवाय ब्रेक आणि क्लच या दोन्हींच्या मास्टर सिलेंडरला तेलाचा डबा एकच. उभ्या गाडीचं रबर चालत्या गाडीपेक्षा लवकर मरतं. म्हणून "अजून दाबल्यावर लागतोय" यावर विसंबू नका. मास्टर, चारही चाकांचे सिलेंडर, तिन्ही रबरी होज, सगळं नवीन. इकडे अजून सगळं नवं मिळतं. मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला येतोय. यादी पाठवा, माझ्या बॅगेत जागा आहे.

पंचगंगातीर

थेम्सकाठी, काय बोलू? काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याला कोल्हापूरला जेवायला बोलव." हे आमंत्रण समजा. यादी व्यनि (खाजगी निरोप) करतो.

मेकॅनिकल_मावशी

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचा विचार केलात का? १९५९ च्या एमजीए १६०० ला कंपनीनंच पुढे डिस्क दिल्या होत्या. म्हणजे त्याच घराण्यातला भाग, परका नाही.

मूळ_ते_मूळ

मावशी, नको ना. १५०० ही १५०० राहू द्या. ड्रम नीट फिरवून घेतले, लायनिंग गोलाईला घासून बसवलं आणि चारही सारखे लागले, तर ९०० किलोच्या गाडीला ते पुरतात. लोकांनी त्याच ड्रमवर आल्प्स ओलांडलेत. एकदा बदल सुरू केले की आज डिस्क, उद्या पाच गिअर, परवा स्टिअरिंगला मोटर. मग काकांची गाडी राहिली कुठे?

मेकॅनिकल_मावशी

१९७१ साली काका आले तेव्हा हायवेला समोर कंटेनर नव्हते. गाडी तीच असली तरी रस्ता तो नाही. मी माझ्या जुन्या हेराल्डला सीटबेल्ट लावले, तेव्हाही लोक असंच बोलले होते. माझ्या मुलीला त्यात बसवते मी. मला त्याबद्दल जराही वाईट वाटत नाही.

मूळ_ते_मूळ

सीटबेल्टला माझाही विरोध नाही. ते लावाच.

शॉर्ट_सर्किट

वायरिंगवर कुणीच बोललेलं नाही, म्हणून लिहितो.

या गाडीत पॉझिटिव्ह अर्थिंग आहे. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि बॉडीला जोडलेलं टोक धन. आपले आजचे मिस्त्री सवयीनं ऋण टोक बॉडीला लावतात. आणखी एक, मोबाइलचा चार्जर! चार्जरच्या तोंडाचा धातूचा भाग आतून ऋणाला जोडलेला असतो. या गाडीत ऋण म्हणजे जिवंत वायर. केबलचं टोक बॉडीला टेकलं की शॉर्ट. माझ्या ओळखीच्यांच्या गाडीत धूर निघाला होता, सुदैवानं गाडी उभी होती. एक तर अर्थिंग उलटं करून घ्या (डायनामोला नव्यानं ध्रुव द्यावा लागतो, पाच मिनिटांचं काम) नाहीतर मोबाइलसाठी वेगळी पॉवर बँक न्या. मी म्हणेन पॉवर बँक न्या आणि गाडीला हात लावू नका.

डायनामो मंद चालीत जवळजवळ काहीच देत नाही. ट्रॅफिकमध्ये दिवे लावून उभे राहिलात की बॅटरी उतरते. म्हणून रात्री चालवायचं नाही, हा नियमच करा.

मूळ वायरिंगला फ्यूज फक्त दोन. हेडलाइटला तर एकही नाही. तिथे एक फ्यूज वाढवा. मूळ_ते_मूळ रागावले तरी चालेल.

मूळ_ते_मूळ

फ्यूजला कोण रागावेल! दहा लावा.

पेट्रोलपंप_पुराण

मंडळी, पेट्रोल! पंपावर आता २० टक्के इथेनॉल आहे. ही गाडी ज्या काळची आहे तेव्हा हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं. तीन गोष्टी होतात.

एक, जुनं रबर फुगतं, मऊ पडतं आणि तडकतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळ्या होज इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घ्या. तुमच्याकडे दोन एसयू एच४ कार्बोरेटर असतील, त्यांच्या जेटला बुचाच्या लाकडाच्या सीलिंग रिंग असतात. तीस वर्षं सुकलेलं बूच गळणारच. तेही बदला.

दोन, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत जुना गंज असेल तर तो सुटून पंपात येतो. टाकी काढून धुऊन घ्या आणि पंपाच्या आधी फिल्टर लावा. एसयूचा विजेवरचा पंप टिकटिक करतो. ती टिकटिक थांबली तर सीटच्या मागे जाऊन पान्याच्या दांड्यानं हलकेच टोका. आतले पॉइंट चिकटलेले असतात, सुटतात. टिकटिक थांबेचना, तर पेट्रोल संपलंय किंवा कुठेतरी गळतंय.

तीन, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं. पातळ मिश्रण म्हणजे गरम इंजिन. कार्बोरेटरच्या खालचा नट थोडा खाली उतरवून मिश्रण दाट करा. तपासायची रीत : पिस्टन मिलिमीटरभर उचला. रेस वाढून वाढलेलीच राहिली तर दाट, लगेच पडली तर पातळ, किंचित वाढून परत आली तर बरोबर.

गारगोटीकर

पण कुन्नूर १,८०० मीटरच्या वर आहे आणि उटी २,२०० च्या वर. तिथे हवा विरळ, म्हणजे तेच मिश्रण आपोआप दाट होणार. खाली दाट करून वर नेलं तर प्लग काळे होतील.

पेट्रोलपंप_पुराण

अगदी खरं. म्हणून नट किती फ्लॅट (नटाच्या सपाट बाजू) फिरवला ते वहीत लिहून ठेवायचं. गुडलूरला चहा प्यायचा, दोन्ही नट एकेक फ्लॅट वर घ्यायचे, परतताना पुन्हा खाली. एसयूची हीच मजा आहे, पान्यानं हवामान बदलता येतं.

स्वाती_नाशिक

"पान्यानं हवामान बदलता येतं" हे मी लिहून ठेवतेय. मला यातलं निम्मंच कळतंय, पण धागा सोडवत नाहीये.

हेरंब_हुबळी

रस्त्याचं मी सांगतो, हा पट्टा माझा रोजचा. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, बेंगळुरू. निपाणीजवळचा तवंदी घाट सोडला तर बेंगळुरूपर्यंत चढ असा नाही. पहिला मुक्काम हुबळी, दुसरा चित्रदुर्गाच्या पुढे कुठेही. बेंगळुरू शहरात शिरू नका, तिथल्या ट्रॅफिकमध्ये ही गाडी गरम होणारच.

मॅपवाले काही जण सेलमहून जा म्हणतील. नका जाऊ. धर्मपुरी आणि सेलमच्या मधला तोप्पूर घाट उतरताना ट्रकांचे ब्रेक तापून सुटतात, तिथे अपघात फार. चार ड्रमच्या गाडीनं तिथे ट्रकांच्या मधे सापडायचं कारण नाही. म्हैसूर, बंडीपूर, गुडलूर, उटी, कुन्नूर असं जा. बंडीपूरचा जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, म्हणून म्हैसूरला मुक्काम करून सकाळी निघा. मसिनगुडीवरून कल्लट्टीच्या ३६ वळणांचा रस्ता जवळचा आहे, पण फार खडा. गुडलूरचा लांब पण सोसणारा.

आणि निलगिरीत बाहेरच्या गाड्यांना मे २०२४ पासून ई-पास लागतो. ऑनलाइन मिळतो, निघण्याआधी काढा.

कागदपत्र_कुलकर्णी

गाडीचे कागद? नोंदणी चालू आहे का? ५० वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून केंद्राचे व्हिंटेज नोंदणीचे नियम आहेत. लोकांना 'व्हीए'ची पाटी मिरवायला आवडते. पण त्या नोंदणीवर गाडी रस्त्यावर कशासाठी आणता येते ते वाचा : प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती. रोजच्या वापराला मनाई आहे. काकांना कुन्नूरला न्यायचं हे यात कुठे बसवणार? नेहमीची नोंदणी नूतनीकरण करून, फिटनेस तपासून, हरित कर भरून ठेवा. विमा विसरू नका.

पंचगंगातीर

कुलकर्णीसाहेब, जुनी नोंदणी आहे. काकांनी १९९४ नंतरही कागद जपून ठेवलेत, काकूंच्या साडीच्या पेटीत. नूतनीकरणाचा अर्ज केलाय.

काकूंवरून आठवलं. या गाडीच्या दरवाज्याला बाहेरून हँडलच नाही, आत हात घालून दोरी ओढायची. १९७२ मध्ये लग्नानंतर काकू पहिल्यांदा बसायला आल्या तेव्हा पाच मिनिटं दरवाजा शोधत होत्या, आणि काका शेजारी उभे राहून बघत होते. काकू हे अजून विसरलेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, "माझी जागा तूच घे, मी मागून इनोव्हातून येते, डबा माझ्याकडे."

जिल्हा_सातारा

काकूंची इनोव्हा हाच या धाग्यातला सर्वात चांगला सुटा भाग आहे. त्यात फॅनबेल्ट, पाण्याचे होज, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, ब्रेक ऑइल, दोन ट्यूब आणि २०डब्ल्यू५० ऑइलचा डबा ठेवा.

लेथवाले_अण्णा

ट्यूबवरून, तारेची चाकं आहेत की पत्र्याची?

पंचगंगातीर

तारेची, मधल्या एकाच नटाची.

लेथवाले_अण्णा

मग दोन गोष्टी. हबचे दाते झिजलेत का बघा. क्लच सोडताना मागून 'कट्' असा आवाज आला की झिजलेत. आणि डाव्या-उजव्या बाजूच्या आट्या उलटसुलट असतात. जोडताना हब अदलाबदल झाले तर नट चालता चालता आपोआप सुटतो. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून चारही नट हातोड्यानं परत ठोका. टायर कितीही नक्षीदार दिसले तरी बाजूवरचा तारखेचा आकडा बघा. जुने असतील तर सरळ फेका.

रंगसंगती

मी परत आलो. धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाला अजून नीट उत्तर मिळालेलं नाही, सगळे इंजिनात गेले.

माझा तोडगा. पूर्ण रंग जानेवारीत नको, तो घाईत बिघडेल. पण साधा प्राइमरही नको. लोखंडाला इपॉक्सी प्राइमर, ॲल्युमिनियमला आधी एचिंग प्राइमर. चासी आणि आतली बाजू कायमची रंगवून घ्या, मगच नळ्या आणि वायर बसवा. बाहेरून लाल रंगाचा एकच साधा हात द्या, पॉलिश नाही, क्रोम नाही. दुरून लाल दिसेल आणि पाणी आत जाणार नाही. परत आल्यावर दगडांचे टवके, हातोड्याचे घाव, सगळं घासून उन्हाळ्यात मन लावून रंगवा. याला चार महिने नाही, तीन आठवडे लागतात. तुमच्या पेंटरला माझ्याशी बोलायला सांगा.

ओडोमीटर

रंगसंगती, मागच्या प्रतिसादाबद्दल माफी. हा खरा उपाय आहे.

मूळ_ते_मूळ

+१. आणि सीटचं जुनं चामडं फेकू नका. फाटलेलं असलं तरी काका त्यावर २३ वर्षं बसलेत.

पंचगंगातीर

(दोन महिन्यांनी)

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा.

रंगसंगतींचं ऐकलं. हेडला कडक सीट बसल्या. थेम्सकाठींनी ब्रेकचं सगळं सामान आणून दिलं आणि ते जेवायलाही आले. तांबडा रस्सा तीनदा घेतला. ड्रमच ठेवले, सीटबेल्ट लावले. डिस्कचा विचार परत आल्यावर.

काल आंबोलीला जाऊन आलो. घाट उतरून दाणोलीपर्यंत, आणि तसंच परत वर. काका शेजारी. उतरताना दुसऱ्या गिअरवर ठेवली, पहिल्याला सिंक्रो नाही (चालत्या गाडीत तो सहज पडत नाही) हे काकांनी दर वळणावर सांगितलं. ब्रेक सरळ लागतात, कुठल्या बाजूला ओढत नाहीत. चढताना तापमानाचा काटा वर गेला आणि वरच थांबला. आंबोलीत उभी केली तेव्हा रेडिएटरच्या टोपीतून वाफ. पाणी अर्धा लिटर कमी होतं. आतून गाळ असणार, खालचा अर्धा भाग हाताला थंड लागत होता.

लेथवाले_अण्णा

खाली थंड म्हणजे नळ्या बुजल्या. धुऊन होणार नाही. नवा कोअर घाला. उद्यमनगरात माझ्या शेजारीच करतात, सोमवारी आणा.

पंचगंगातीर

सोमवारी सकाळी येतो. काका पण येतायत.